नव्व्याण्णव वर्षांचा मक्ता

तुमच्या हातात बोरू आहे आणि शाई अजून वाळलेली नाही. समोरच्या मसुद्यातला एक आकडा तुम्ही तिसऱ्यांदा वाचता, कारण पहिल्या दोन वेळा तुमचा डोळ्यांवर विश्वास बसला नाही. नव्व्याण्णव. वर्षं नव्व्याण्णव.

हैदराबाद, जानेवारी १८८६. दफ्तराच्या ओसरीवर सकाळचं ऊन पसरलं आहे. भिंतीलगतच्या फळ्यांवर रुमालात बांधलेले कागदांचे गठ्ठे आहेत, वरचे धुळीने पांढरे, खालचे वाळवीने पोखरलेले. तुम्ही पैठणकडचे. बापजाद्यांनी कुलकर्णीपण केलं, पट्ट्यावरची नावं आणि साऱ्याचे आकडे मोडीत लिहिले. तुम्ही मात्र पोटासाठी राजधानीत आलात. सरकारी कारभार फारसीतून उर्दूत येऊन दोनेक वर्षं झाली आहेत, त्यामुळे सगळेच नव्याने शिकत आहेत. उर्दू तुम्हाला आता जमते, इंग्रजी जेमतेम वाचता येते. हिशेब मात्र अजूनही मनातल्या मनात मराठीतच होतो.

मसुदा एका मक्त्याचा आहे. वॉटसन आणि स्ट्यूअर्ट नावाच्या दोन साहेबांना निजामाच्या मुलखातली खनिजं शोधण्याचा आणि काढण्याचा हक्क द्यायचा आहे. कोणत्या खनिजांचा, हे वाचताना तुम्ही थबकता. दगडी कोळसा तर आहेच, पण सोनं, हिरे, जमिनीच्या पोटात जे काही असेल ते सगळं त्यात येतं. आणि जमीन कुठली? एखादा तालुका नाही, एखादी टेकडी नाही. हे राज्य सुमारे ८२,००० चौरस मैलांचं आहे. तेलंगणातली जंगलं, रायचूरकडचे खडकाळ माळ, आणि तुमच्या घरामागची काळी रानं सुद्धा. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड. तुमची आई आज सकाळी ज्या विहिरीवर पाणी भरायला गेली असेल, तिच्या तळाखाली काय आहे ते शोधण्याचा हक्क कोणाला मिळणार, हे तुमच्या बोरूतून कागदावर उतरतं आहे.

शेजारी बसलेले मुन्शीसाहेब चष्म्यावरून तुमच्याकडे बघतात. तुम्ही हळूच विचारता, या करारात आणखी कोण कोण आहे?

"नक्को पूछो, पंत," ते म्हणतात आणि कलमदान पुढे ओढतात.

ते असं का म्हणतात, हे या शहरात सगळ्यांना ठाऊक आहे. तीनच वर्षांपूर्वीची गोष्ट. १८८३ च्या फेब्रुवारीत थोरले सालारजंग पटकीने गेले. त्याच सुमाराला राज्याची रेल्वे लंडनच्या एका कंपनीकडे सोपवून ती पुढे चांद्याच्या कोळशापर्यंत न्यायची योजना आली. कंपनीच्या भांडवलावर राज्याने पाच टक्के व्याजाची हमी द्यायची होती, तीही वीस वर्षं. शहरातले शिकलेसवरलेले लोक एकत्र जमले. त्यांत अघोरनाथ चट्टोपाध्याय होते. एडिंबरोहून विज्ञानातली मोठी पदवी घेऊन आलेला हा बंगाली माणूस हैदराबादेत कॉलेज चालवत होता. जमलेल्यांची मागणी साधी होती: कराराच्या अटी आम्हाला दाखवा. त्यांनी रेल्वे नको असं म्हटलं नव्हतं. कागद दाखवा, एवढंच म्हटलं होतं. मे महिन्यात अघोरनाथांना नोकरीवरून दूर करून राज्याबाहेर घालवण्यात आलं. त्यांची थोरली लेक सरोजिनी तेव्हा चार वर्षांची होती.

त्या रेल्वेची बोलणी करायला लंडनला गेले होते निजाम सरकारचे अधिकारी सरदार अब्दुल हक. आज तुमच्या हातातल्या मसुद्यामागेही तेच आहेत.

तुम्ही पुन्हा मसुद्याकडे वळता. गादीवरचे मीर महबूब अली खान अजून विशीचेही नाहीत. दोन वर्षांपूर्वी लॉर्ड रिपन स्वतः येऊन त्यांच्या हाती कारभार देऊन गेले. दिवाण मीर लायक अली, म्हणजे धाकटे सालारजंग, हे त्यांच्याहून थोडेच मोठे. या दोघांच्या राज्यात केलेला हा करार, ठरल्याप्रमाणे चालला, तर १९८५ सालापर्यंत चालेल. तुम्ही बोटांवर हिशेब करता. तुमच्या नातवाचा नातूसुद्धा कदाचित या कागदाखाली असेल. मक्त्यावर इंग्रज सरकारचीही मान डोलली आहे, कारण देशी संस्थानाने गोऱ्या माणसांना असा हक्क द्यायचा तर रेसिडेन्सीतून कलकत्त्यापर्यंत कागद फिरावा लागतो. इतके हात फिरून आलेल्या कागदात खोट असेल, असं तुम्हाला तरी का वाटावं?

संध्याकाळी घरी कंदिलाशी बसून तुम्ही मोडीत चार ओळी टिपून ठेवता. ते चुकीचं आहे, उघड झालं तर नोकरी जाईल. तरीही तुम्ही टिपता.

आता तुम्हाला लंडनला यावं लागेल. देहाने नाही, कारण तिथे जायला तेव्हा तीन आठवडे बोटीत काढावे लागत आणि तुमच्या कुळातल्या कोणी समुद्र ओलांडलेला नाही. पण आकडे तिकडे घडले, म्हणून डोळे तिकडे न्यावेच लागतात.

थ्रॉग्मॉर्टन स्ट्रीट. गल्ली इतकी अरुंद की दोन बग्ग्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे हटावं लागेल. शेअर बाजाराची इमारत बंद झाली तरी दलाल घरी जात नाहीत, रस्त्यावरच उभे राहून भाव ओरडतात. काळे उंच टोप, ओले कोट, घोड्यांची लीद, धुरकट दिव्यांचा उजेड. त्या गलक्यात तुम्हाला एक शब्द ओळखीचा वाटतो: डेक्कन. हैदराबाद डेक्कन कंपनी. गोवळकोंड्याचं नाव इंग्रजीत गडगंज संपत्तीसाठीच वापरतात, त्यामुळे या कंपनीचं नाव घेताना कोणाच्या डोळ्यापुढे काय येत असेल, ते सांगायला नको. हिरे, सोनं. कोळशासाठी एवढा आवाज कोण चढवेल?

इथे थांबा आणि हिशेब नीट मांडून घ्या. सगळं प्रकरण या एका हिशेबात आहे आणि तो कोणत्याही कुलकर्ण्याला कळण्यासारखा आहे.

कंपनीचं भांडवल दहा लाख पौंड. दहा पौंडांचा एक असे एक लाख समभाग. त्यांतले ८५,००० समभाग वॉटसन आणि स्ट्यूअर्ट यांच्या मंडळींना मिळाले, पूर्ण पैसे भरल्यासारखे, एक पैही रोख न देता. कशाच्या बदल्यात? तुम्ही ज्याची नक्कल केलीत, त्या कागदाच्या बदल्यात. मक्त्याची किंमत म्हणून कागदावर साडेआठ लाख पौंड. अजून कोणी कुदळ मारलेली नाही, विहीर खणलेली नाही, दगड फोडलेला नाही. रोख पैसा आणण्यासाठी उरले फक्त १५,००० समभाग. पण बाजारात उभ्या असलेल्या माणसाला वाटतं, दहा लाखांची कंपनी आहे आणि लोकांनी दहा लाख ओतले आहेत. थोडेच समभाग हिंडताहेत, त्यामुळे भाव वर नेणं सोपं. भाव चढतो. दहाचा समभाग बाराला गेला म्हणतात.

आणि त्या बाराच्या भावाने हजारो समभाग विकत घेणारा मोठा गिऱ्हाईक कोण?

निजाम सरकार.

ज्याची जमीन, ज्याचा कोळसा, ज्याने हक्क दिला, तेच सरकार त्या हक्काचा तुकडा लंडनच्या बाजारात वाढीव भावाने परत विकत घेतं. ही खरेदी सरकारच्या वतीने सरदार अब्दुल हक करतात. आणि ज्या ८५,००० समभागांचा मोबदला आधीच वाटला गेला, त्यांत अब्दुल हक यांचाही वाटा आहे. म्हणजे सरकारच्या पैशाने जो घेतो आहे, विकणाऱ्यांतही तोच आहे. एका हाताने पावती लिहायची आणि दुसऱ्या हाताने पैसे मोजून घ्यायचे.

तुमच्या गावात हे कसं दिसलं असतं, ते मी सांगतो. मोठ्या माणसाची आमराई आहे. त्याच्या कारभाऱ्याने ती मोहरावरच दोघा व्यापाऱ्यांना ठेक्याने दिली. इथवर काही गैर नाही, बागा मोहरावर दिल्या जातातच. व्यापाऱ्यांनी तो ठेका आपल्याच एका मंडळीला भरमसाट किमतीला विकल्याचं दाखवलं आणि त्या किमतीत कारभाऱ्याची चोरपाती ठेवली. मग कारभारी मालकाकडे गेला आणि म्हणाला, मालक, या मंडळीचे आंबे सोन्याच्या भावाने जाणार आहेत, थोडा हिस्सा आपणही घ्यावा. मालकाने तिजोरी उघडली. कारभाऱ्याने मालकाच्या पैशाने मालकाच्याच आंब्यांतला हिस्सा घेतला, आणि तो हिस्सा विकणारा होता कारभारी स्वतः. झाडावर अजून कैरीही धरलेली नाही.

मालकाची तिजोरी कुठून भरते? तुमचे वडील गावातून सारा गोळा करायचे तेव्हा कोणाच्या दारात किती वेळा जावं लागायचं, ते तुम्हाला आठवतं. पोळ्याच्या आधी बैल विकणारा एक कुणबी आठवतो. त्याने हाली शिक्क्याचे रुपये कनवटीतून एक एक काढून मोजले होते, प्रत्येक रुपया अंगठ्याने पुसून. ते रुपये तालुक्याला गेले, तिथून राजधानीला, आणि त्यांतले काही पौंड होऊन थ्रॉग्मॉर्टन स्ट्रीटवर. त्या अंगठ्याने पुसलेल्या रुपयापर्यंत या प्रकरणाचा धागा मागे नेला नाही, तर साडेआठ लाखांचे आकडे नुसतेच मोठे वाटतात. मला ते तसे वाटत नाहीत. मला त्यांत तो बैल दिसतो.

हैदराबादने याआधीही असं पाहिलं होतं. १८१४ साली रेसिडेन्सीच्या सावलीत पामर कंपनी उभी राहिली होती. तीही सावकारी आणि व्यापाराची भागीदारीच. निजाम सरकारला तिने कर्ज दिलं, व्याज चढत गेलं, गव्हर्नर जनरलच्या घरातल्या नात्यागोत्याचा माणूस तिच्यात निघाला. रेसिडेंट मेटकाफने तो कारभार उघडा पाडला आणि कंपनी बुडाली. त्या गोष्टीला साठ वर्षं झाली, पण जुने सावकार अजून ती सांगतात.

१८८८. दफ्तरात आता वेगळाच वारा आहे. धाकटे सालारजंग आदल्या वर्षीच दिवाणपदावरून गेले, त्यांच्या जागी आसमान जाह आले. लंडनच्या बाजारातल्या गोष्टी मुंबईच्या वर्तमानपत्रांतून इकडे येऊ लागल्या. आधी कुजबुज, मग तारा, मग खलिते. वसंतात अब्दुल हक यांना पदावरून दूर केल्याची बातमी आली तेव्हा मुन्शीसाहेबांनी टाक खाली ठेवला आणि बराच वेळ नुसते खिडकीबाहेर पाहत राहिले.

प्रश्न थेट पार्लमेंटात गेला आहे. हाउस ऑफ कॉमन्सने निवड समिती नेमली. हैदराबादेतून निजाम सरकारची बाजू मांडायला माणसं गेली, त्यांत मेहदी अली, म्हणजे मोहसिन-उल-मुल्क, होते. पुन्हा तुमचे डोळे तिकडे जातात. थेम्सकाठची मोठी इमारत, लाकडी भिंतींची खोली, लांब टेबल. लघुलेखक मान वर न करता लिहितो आहे. वॉटसन आणि स्ट्यूअर्टच्या मंडळींना प्रश्न विचारले जात आहेत. समभाग कोणाला किती? कधी? कशाच्या बदल्यात? निजामाला हे माहीत होतं का? सरकारचा अधिकारी तुमचा भागीदार आहे, हे तुम्ही सरकारला सांगितलंत का?

तुम्हाला त्या खोलीतली एक गोष्ट खटकते आणि ती मलाही खटकते. हे प्रश्न नेमके तेच आहेत, जे हैदराबादच्या लोकांनी १८८३ साली रेल्वेबद्दल विचारायला सुरुवात केली होती. अटी काय, कोणाला काय मिळणार, आम्हाला दाखवा. तिथे तोच प्रश्न विचारल्याबद्दल माणसाला हद्दपार केलं गेलं. इथे तोच प्रश्न विचारणाऱ्याला बसायला उंच पाठीची खुर्ची आहे. आणि इतकं सगळं विचारूनही, ज्यांच्या शेताखालचा हा हक्क होता, त्यांच्यातल्या एकालाही त्या टेबलासमोर कोणी बोलावलेलं नाही. निजाम फसले का, भागधारक फसले का, कलकत्त्याच्या सरकारचं लक्ष कमी पडलं का, एवढ्यावरच चर्चा चालते. पैठणचं नाव कोणाच्या तोंडी येत नाही.

मक्ता मात्र मोडला नाही. कंपनी राहिली.

म्हणून तुम्ही एकदा तो कोळसा पाहायला जाता. रेल्वे आता वरंगळच्या पुढे गेली आहे, डोर्नकलहून येलंदूकडे फाटा निघाला आहे. या भागात कोळसा असल्याचं भूगर्भ खात्याचे विल्यम किंग यांनी १८७१ सालीच सांगितलं होतं, लंडनमधल्या कोणी शोधण्याच्या पंधरा वर्षं आधी. इथल्या एका थराला पुढे त्यांचंच नाव पडलं. खाणीला नाव मिळालं जवळच्या सिंगरेणी गावाचं.

दोन्ही बाजूंना झुडपी जंगल आणि मध्येच उकरलेली जमीन, जखमेवरची खपली निघावी तशी. तोंडाशी थांबलात तर आतून ओलसर वारा येतो, त्याला लोखंडाचा वास आहे. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई वर येते. टोपली रिकामी करते, पदराने मान पुसते, तुमच्याकडे पाहते. तुम्ही खाली पडलेला एक तुकडा उचलता. वाटलं होतं त्यापेक्षा हलका. एका बाजूने तो चकचकीत आहे, दुसऱ्या बाजूने मातकट, आणि मधून बारीक पट्टे गेलेले, जुन्या पोथीच्या कडेसारखे.

"बोग्गु," ती म्हणते. तिला वाटतं, तुम्हाला ते काय आहे ठाऊक नाही.

तुमच्या बोटांना काळं लागलं आहे. शाईसारखं, पण चोळलं तर पसरतं. तुम्ही तिला तेलुगूत विचारू पाहता, रोज किती मिळतं, पण तोडकं मोडकं बोलणं तिला कळत नाही किंवा मुकादम जवळ उभा असल्याने ती उत्तर देत नाही. ती पुन्हा टोपली डोक्यावर घेते. थ्रॉग्मॉर्टन स्ट्रीटवर साडेआठ लाख पौंडांना विकला गेलेला कागद इथे या एका टोपलीवर उभा आहे. हिऱ्यांचं काही नाही. सोन्याचं इथे काही नाही. पुढे १९२० साली सिंगरेणी कॉलिअरीज कंपनी हैदराबादेत नोंदली जाईल आणि या जुन्या कंपनीचं सगळं तिच्याकडे येईल. १९४५ साली बहुसंख्य समभाग पुन्हा हैदराबाद सरकार विकत घेईल. आपल्याच जमिनीखालच्या कोळशाची दुसऱ्यांदा खरेदी. तुमचा नातू कदाचित ती बातमी वाचेल.

परतीच्या गाडीत तुम्ही बोटं धुवत नाही.

हैदराबादेत दोन गोष्टी वाट पाहत आहेत. एक, अघोरनाथ मधल्या काळात परत आलेले आहेत. त्यांना पुन्हा कॉलेजात घेतलं गेलं. दुसरी गोष्ट टेबलावर पडली आहे: पार्लमेंटच्या समितीपुढचा सगळा पुरावा छापून निघाला, जाडजूड, बारीक अक्षरांत, प्रश्नावर प्रश्न आणि उत्तरावर उत्तर. दफ्तरात एक प्रत आली आहे. मुन्शीसाहेब ती हातात घेऊन तिचं वजन पाहतात आणि तुमच्याकडे सरकवतात. या वेळी ते नक्को म्हणत नाहीत.

रात्री तुम्ही ती घरी आणता. कंदील मोठा करता. मोडीतली ती जुनी चार ओळींची टिपणं काढता आणि शेजारी ठेवता. तुम्हाला हे मराठीत आणायचं आहे, निदान तुमच्या गावच्या चावडीवर वाचता येईल एवढं तरी. पहिलाच आकडा घेता: ८५,०००. त्याच्यापुढे काय लिहायचं? तुम्ही "पाती" असं लिहिता. हाच शब्द हाताशी आहे. चार शेतकरी मोट, बैल, बियाणं एकत्र करतात, खळ्यावर धान्य मापून वाटून घेतात, त्याला पाती म्हणतात.

तुम्ही बोरू थांबवता. खळ्यावर प्रत्येक पातीदार दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत असतो. माप सगळ्यांसमोर भरतं.

तुम्ही तो शब्द खोडता, त्याच्या वर मोडीत "शेअर" असं लिहिता आणि दुसरा आकडा घेता.